विदर्भातून घरच्यांना राफ्टिंगला कुठं न्यावं? (सासूबाईंचा नदीला ठाम नकार आहे)

मृगबहार
नमस्कार मंडळी. आमचं गाव मोर्शी तालुक्यात, घरची संत्र्याची बाग. आंबिया बहाराची तोड आटोपली आणि झाडं ताणावर सोडली की ओलिताचं काम राहत नाही, तेवढीच काय ती आम्हाला फुरसत. दरवर्षी शेगाव नाहीतर चिखलदरा होते. यंदा पोरांनी डोक्यात घेतलं राफ्टिंग, आणि वरून नदीकाठी तंबूत झोपायचं.

घरात आम्ही दोघं, दीर-जाऊ, माझी सोळा वर्षांची मुलगी, तिच्यापेक्षा थोडा लहान मुलगा, दिरांचा आठ वर्षांचा पोरगा आणि सासूबाई. विदर्भात कुठं असं राफ्टिंग होते का? नसेल तर जवळात जवळ कुठं? आठ वर्षांच्या लेकराला घेतात का? आणि सगळ्यात अवघड म्हणजे सासूबाईंना कसं समजवायचं. त्यांचं माहेर वर्धा नदीकाठचं. २०२१ च्या सप्टेंबरात झुंजजवळ नाव उलटून ११ जण गेले, तेव्हापासून आमच्या घरी नावेचा विषयच बंद आहे. त्यांना नुसतं "काही होत नाही हो" म्हणून चालत नाही. काय होते, काय होत नाही, ते नीट सांगणारं कुणी असेल तर लिहा.

काठावरचा_पवनी
ताई, आमच्याकडं वैनगंगा आहे, गोसीखुर्द आहे, पाण्याला तोटा नाही. पण धरणाच्या फुगवट्यात बोटीत बसणं वेगळं आणि राफ्टिंग वेगळं. उसळतं पाणी पाहिजे असेल तर पूर्व विदर्भ विसरा. इथं नदी पसरून, आळसावून वाहते. दरवाजे उघडले तर मात्र विचारू नका, ३३ दरवाजे आहेत. तेव्हा काठावरसुद्धा कोणी थांबत नाही.

पाटबंधारे_निवृत्त
प्रश्न चांगला आहे, जरा सविस्तर लिहितो.

राफ्टिंगला तीन गोष्टी एकत्र लागतात: नदीला उतार, पात्रात योग्य जागी दगड, आणि ठरलेल्या वेळी ठरलेलं पाणी. आपल्याकडं पहिल्या दोन गोष्टी मेळघाटात सापडतात. सिपना, गडगा, खापरा, डोलार या नद्या गाविलगडच्या डोंगरातून तापीकडं उतरतात, उतार बरा आहे. पण पाणी पावसापुरतं, ते पण पूर आला की एकदम आणि ओसरला की गुडघाभर. शिवाय हा व्याघ्र प्रकल्पाचा मुलुख. तिथं कोणी मनानं तराफा घालू शकत नाही आणि घालूही नये.

महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातल्या कोलाडची कुंडलिका बारमाही चालते, त्याचं कारण तिसरी गोष्ट. ते पाणी मुळात कुंडलिकेचं नाहीच. मुळशी धरणात अडवलेलं पाणी, जे एरवी भीमेतून कृष्णेला आणि पूर्वेच्या समुद्राला गेलं असतं, ते बोगद्या-नळांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला जवळपास पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरावर सोडतात. टाटांचं हे वीजघर १९२७ चं. याच धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांनी मुळशी सत्याग्रह उभा केला होता. जमिनी गेल्या त्या गेल्या. वीज तयार झाल्यावर खाली उरलेलं पाणी पुढं रावळज्याच्या छोट्या वीजघरातून कुंडलिकेत येते आणि त्यावर आज रबरी तराफे चालतात. म्हणजे तिथं नदीचं वेळापत्रक विजेच्या मागणीवर. साधारण सकाळी पाणी सुटते. वीजघर बंद तर राफ्टिंग बंद, तुम्ही पैसे भरलेले असोत की नसोत.

कर्नाटकातल्या दांडेलीच्या काळी नदीचंही तसंच, वर सुपा धरण.

कोळसापट्टा
काका, मग आपल्या पेंच नदीवरच्या तोतलाडोह धरणाला काय अडचण? तिथं पण वीजघर आहे की.

पाटबंधारे_निवृत्त
आहे, १६० मेगावॉटचं, जमिनीच्या पोटात. पण त्याचं पाणी खाली नवेगाव खैरीच्या जलाशयात जाते, तिथून नागपूरला प्यायला आणि कालव्यांना. वीजघर आणि खालचा जलाशय यांच्यामध्ये कुंडलिकेसारखी लांब मोकळी नदी उरतच नाही. वर दोन्ही काठ पेंचच्या जंगलात. वाघ आणि मगर दोघांच्या हद्दीत पोरांना वल्हं मारायला कोण परवानगी देईल?

ट्यूबवाले_भाऊ
कायले एवढे पैसे घालता बाप्पा? पोळा झाला का आमच्याकडं नदीले मस्त पाणी रायते. ट्रॅक्टरच्या चार ट्यूबा फुगवा, वरून बांबू बांधा, झालं तुमचं राफ्टिंग. आमी लहानपणापासून करून राहिलो. बंधाऱ्यावरून खाली जाताना जे मजा येते ना, ते त्या कोलाडात नाही येणार.

मृगबहार
भाऊ, तुमच्या घरी ट्यूब असेल, आमच्या घरी सासूबाई आहेत. हे वाक्य त्यांना दाखवलं तर कोलाडही गेलं आणि चिखलदराही गेला.

पाटबंधारे_निवृत्त
ट्यूबवाले भाऊ, मी नोकरीत असताना बंधाऱ्याखालून माणसं काढताना पाहिलेली आहेत, म्हणून स्पष्टच लिहितो. कोल्हापुरी बंधारा दिसायला माणसाएवढा. पण भरल्या पाण्यात त्याच्यावरून पडणारा प्रवाह तळाला जाऊन परत बंधाऱ्याकडं वळतो. त्या लोळणीत माणूस सापडला की वर येतो, पुन्हा आत ओढला जातो, पुन्हा वर येतो. पट्टीचा पोहणारा असला तरी दमतो. नदीत दगडावर फुटणारं पाणी निदान कुठंतरी फट ठेवते, पुढं फेकून देते. बंधारा या काठापासून त्या काठापर्यंत सरळ, त्याला फट नाही. राफ्टिंगवाले चौथ्या दर्जाच्या धारेत उतरतील पण असल्या बुटक्या बंधाऱ्यावरून जाणार नाहीत.

दुसरं, रेती. जिथं रेतीघाट आहेत तिथं पात्रात उपसलेले खड्डे असतात, वरून पाणी सारखंच दिसते. गुडघाभर पाण्यातून चालता चालता एका पावलावर दोन पुरुष खोली. डोह कुठं आहे ते गावाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत असते, हे खड्डे दर वर्षी जागा बदलतात.

ट्यूबवाले_भाऊ
काका बरोबर आहे तुमचं, पण आमच्या गावच्या पोरायले काय बारा महिने कोलाड परवडते का? नदी दारात अन् पाण्याची मजा सातशे-आठशे किलोमीटरवर. ते पण सांगा.

पाटबंधारे_निवृत्त
हे तुमचं खरं आहे. यावर माझ्याकडं उत्तर नाही.

वणीची_लेक
मी वणीची, आता पुण्यात. कुंडलिकेवर जाऊन आलेली आहे. ताई, मुद्द्याचं सांगते.

धारांचे दर्जे एक ते सहा असतात. एक म्हणजे नुसतं हलतं पाणी, सहा म्हणजे जिवावरचा खेळ. कुंडलिका साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दर्जाची, पोहता न येणाऱ्यांनाही नेतात. अंतर १२ ते १४ किलोमीटर, दीड-दोन तास. बहुतेक जण १४ वर्षांच्या खालच्यांना घेत नाहीत. तुमच्या दिरांचा पोरगा सोडाच, मुलाचं वयसुद्धा फोनवर आधी सांगून ठेवा, तिथं जाऊन रडारड नको. बीपी, हृदयाचा त्रास, पाठीचं ऑपरेशन, गरोदरपण असेल तर काठावर बसायचं. यात लाज नाही.

सासूबाईंना सांगायचं ते हे: नावेत आणि राफ्टमध्ये मुख्य फरक माणसांच्या मोजणीत आणि जॅकेटमध्ये आहे. गावच्या नावेत "बसा बसा, होते जागा" म्हणत माणसं चढतात. राफ्टमध्ये सात-आठ जण आणि मागं गाईड, त्याच्या वर एक नाही. राफ्टच्या कडा हवेच्या वेगवेगळ्या कप्प्यांच्या, एक फुटला तरी बाकीचे तरंगवतात. तळाला भोकं असतात, आत आलेलं पाणी आपोआप बाहेर जाते. राफ्ट उलटू शकते, माणूस पाण्यात पडू शकतो, आणि पडतोच कधीकधी. पडल्यावर काय करायचं हे आधी शिकवतात, तिथंच खरा फरक पडतो.

पडलात तर उताणं व्हायचं, पाय वर आणि पुढं, बोटं पाण्याबाहेर दिसली पाहिजेत. दगड आला तर पायानं ढकलायचा. वाहत्या पाण्यात उभं राहायला अजिबात जायचं नाही, कमरेएवढंच पाणी असलं तरी. दगडांच्या बेचक्यात पाऊल अडकते आणि मागचं पाणी माणसाला पालथं घालते. आपल्याकडचा प्रत्येक माणूस पाण्यात पडला की पहिलं पाय टेकवायला बघतो, म्हणून घरीच दहादा सांगून न्या. राफ्टच्या खाली सापडलात तर हात वर लावून एकाच दिशेनं सरकत जायचं, बाहेर निघता.

आणि वल्ह्याच्या टोकाला आडवी मूठ असते, तिच्यावरचा हात सोडायचा नाही. दात पडतात ते खडकानं नव्हे, शेजाऱ्याच्या वल्ह्यानं.

एक तक्रारही लिहिते. आम्ही पहिल्यांदा ज्यांच्याकडं गेलो तिथं माझ्या जॅकेटचं एक बक्कल तुटकं होतं, त्यावर सुतळी बांधलेली. बदलून मागितलं तर "काही होत नाही मॅडम". मी बसले नाही, दुसरं आणून दिल्यावरच बसले. तुम्हीही असंच करा.

कोळसापट्टा
ऋषिकेशचा विचार केला का? गंगेवर शिवपुरीहून १६ किलोमीटर, ब्रह्मपुरीहून ९, कौडियाल्याहून ३६. पाणी हिमालयाचं, डिसेंबरात दात वाजतात. पावसाळ्यात बंद असते. आणि वाळूवरच्या तंबूंचे जुने फोटो पाहून जाऊ नका, हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशापासून तिथं गंगेच्या वाळवंटातल्या कॅम्पांवर बंधनं आली, आता बहुतेक कॅम्प वर डोंगरात. तुमच्या घरच्या गोतावळ्याला कोलाडच बरं.

बडनेरा_जंक्शन
जायचं कसं ते माझ्याकडून घ्या. अमरावतीहून मुंबईची रात्रीची गाडी धरा, सकाळी ठाण्याकडं उतरा, तिथून पनवेलची लोकल, आणि पनवेलहून आठ जणांची जीप ठरवा. कोलाड मुंबई-गोवा हायवेवरच आहे. स्वतःची गाडी घेऊन एवढं लांब रात्रभर चालवू नका. दुसऱ्या दिवशी राफ्टमध्ये ड्रायव्हरच झोपतो.

सकाळी गाडीतून उतरून लगेच राफ्टिंगला जायचं नाही. आदल्या दिवशी पोचा, कॅम्पवर झोपा, सकाळी ताजे उतरा.

मृगबहार
मंडळी, जाऊन आलो. सगळे धड आहोत हे आधी सांगते.

वणीच्या ताईंचा प्रतिसाद मी सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवला. "माणसं मोजून बसवतात" इथं त्यांनी मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "मी नाही बसणार, पण येतो. बघतो कसं मोजते तर." त्यांना बीपी आहेच, त्यामुळं तो प्रश्न सुटला. दिरांच्या पोराला घेत नाहीत हे फोनवरच कळलं होतं, तो आजीसोबत काठावर. आमच्या मुलाला वय सांगून आधी हो म्हणून घेतलं होतं.

तंबू नदीपासून बऱ्यापैकी उंचावर होते. मी विचारलं, अगदी काठाला का नाही? तिथल्या माणसानं सांगितलं, पाणी सुटायची वेळ आपल्या हातात नसते. थंडी म्हणाल तर आमच्या बागेतल्या डिसेंबरपुढं काहीच नाही, आम्ही नेलेली गोधडी पायाशीच राहिली. डास मात्र भरपूर. जेवण चांगलं होतं पण फिक्कं, जाऊबाईंनी मिरचीचा ठेचा नेला होता, शेजारच्या तंबूतले पण मागून घेऊन गेले. पोरांना तंबूत झोपच नाही. त्यांना बाहेर शेकोटी पाहिजे होती, आणि आजीनं सांगितलेल्या चकव्याच्या गोष्टी.

सकाळी सुरुवातीच्या ठिकाणी गेलो तर नदीत नुसते दगड. मुलगी म्हणे, "आई, यात राफ्ट घासत नेणार का?" गाईड निवांत बसलेले. मग एक गाईड म्हणाला, त्या काळ्या दगडाकडं बघत राहा. दगड कोरडा होता, खाली फक्त हातभर ओला. थोड्या वेळानं ती ओली रेघ वर सरकू लागली. आवाज नाही, लाट नाही. बघता बघता दगडाचा अर्धा भाग दिसेनासा झाला आणि मग नदीचा सूर बदलला. काकांनी लिहिलेलं मुळशीचं पाणी ते हेच. मी यांना सांगितलं तर म्हणाले, आपल्या कालव्याचं आवर्तन सुटते तसंच की, फक्त इथं वेळेवर सुटते.

जॅकेट घालायची वेळ आली आणि सासूबाई उठल्या. गाईडनं एकेकाचं बक्कल लावून खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढून बघितलं. जॅकेट हनुवटीच्या वर सरकायला नको, सरकलं तर ढिलं. तो पुढं गेला की मागून सासूबाई. त्यांनी प्रत्येकाच्या पट्ट्या पुन्हा ओढल्या, मुलाच्या दोनदा. दीर लाजले, त्यांना वाटलं लोक हसतील. गाईड हसला नाही. म्हणाला, "मावशी, तुम्ही रोज या."

मग सासूबाईंनी माणसं मोजली. आमच्या राफ्टमध्ये आम्ही सहा आणि पुण्याचे दोघं, मागं गाईड. शेवटच्या क्षणी एक ओळखीचा पोरगा चढू पाहत होता, त्याला गाईडनंच उतरवलं. सासूबाईंनी तेव्हा काठावर बूड टेकलं.

पुढचं काय सांगू! पहिल्या धारेत राफ्टचं तोंड खाली गेलं, पाण्याची भिंत अंगावर आली आणि आम्ही सगळे सुपातल्या दाण्यासारखे. "फॉरवर्ड, फॉरवर्ड" गाईड ओरडून राहिला आणि माझे मालक वल्हं हवेत मारून राहिले. दुसऱ्या-तिसऱ्या धारेपर्यंत हात बसला. "गेट डाऊन" म्हटलं की सगळे आत बसतात, दोर पकडतात, एवढं जमलं की भीती निम्मी होते. जाऊबाई, ज्या विहिरीत वाकून बघत नाहीत, त्या सगळ्यात जोरात ओरडत होत्या, पण आनंदानं.

मधल्या संथ पाण्यात गाईडनं उडी मारायला सांगितलं. मी दोर धरून उतरले. पाणी थंडगार. उताणी झाले, पाय वर केले, आणि जॅकेटनं मला अलगद धरलं. पोहायला मला येत नाही. आमच्याकडं बायकांना नदीवर धुणं धुवायला पाठवतात, पोहायला कोण शिकवते?

मुलगा एका धारेत खरोखर पडला. मी किंचाळले. तो पाय वर करून वाहत खाली आला, बाजूच्या कयाकवाल्यानं (एकट्याची छोटी होडी असते ती) त्याला धरलं आणि गाईडनं जॅकेटच्या खांद्यांना धरून आत ओढला. आत येऊन पहिलं वाक्य, "आजीले नका सांगू." शेवटच्या काठावर पोचलो तर दिरांचा पोरगा ओरडला, "दादा पडला का?" बाकीच्यांचे केस विस्कटलेले आणि याचे पाण्यानं चपटे झालेले, वरून नाकातोंडातून पाणी. सासूबाईंनी एकदा बघितलं आणि फक्त टॉवेल दिला.

वणीची_लेक
वाचून मजा आली ताई. सासूबाईंना माझा नमस्कार. ज्या काठावर बसतात त्यांच्यासाठी गाडी शेवटच्या ठिकाणी आधी पोचते की नाही, हेही लोकांनी विचारून ठेवावं. आमची आत्या एकटीच सुरुवातीला राहिली होती.

कोळसापट्टा
कपडे काय घातले? आमच्या आईला साडीशिवाय चालत नाही.

मृगबहार
साडी, जीन्स, ओढणी काही नाही. ट्रॅकपँट आणि टीशर्ट, तेही सुती नको, सुती कपडा पाणी धरून जड होते. जाऊबाईंनी नणंदेच्या पोरीची ट्रॅकपँट नेली होती. मंगळसूत्र, पाटल्या सासूबाईंकडं काढून दिल्या. चष्म्याला मागून नाडी बांधा. चपला चालत नाहीत, मागं पट्टा असलेलं काहीतरी पाहिजे.

काठावरचा_पवनी
तंबूचं पोरांना वेड लागलं म्हणता, तर ते विदर्भात जमू शकते. फक्त नदीच्या रेतीवर तंबू ठोकू नका, धरणाच्या खाली तर नाहीच. वरून पाणी सुटलं तर भोंगा वाजतो, पण झोपेत कोणाला ऐकू येते? जंगलात मनानं तंबू चालत नाही, वनखात्याच्या सेमाडोह-कोलकासच्या मुक्कामाची सोय बघा. कोलकासला सिपनेचं वळण वरून दिसते, आठ वर्षांच्या पोराला ते पुरे. नाहीतर तुमची बाग आहेच. ताणावरच्या झाडांखाली जमीन कोरडी असते.

मृगबहार
बागेचं पोरांनी आधीच ठरवून टाकलं आहे. यांचं म्हणणं रानडुकरं येतात. बघू.

आता एक वेगळं विचारते. आमच्या गावच्या यात्रेत पलीकडच्या काठावरच्या देवळात नावेनं जावं लागते. सासूबाईंनी घरी येऊन पहिलं काम काय केलं, तर नाववाल्याला निरोप धाडला, "जॅकेटं आण, नाहीतर आमच्या घरचं कोणी बसणार नाही." तो म्हणतो, महाग असतात. आम्ही चार घरं मिळून घेऊन द्यायचं म्हणतो. कोणती घ्यावी? स्विमिंग पूलची चालतील का?

पाटबंधारे_निवृत्त
पूलची फुगवायची अजिबात नको, एक टोचा लागला की गेलं. आत घट्ट फोम असलेलं घ्या, बक्कलवालं, नुसत्या चेनवालं नाही. वजनाचा आकडा आतल्या लेबलवर असतो, तो बघून घ्या. मोठ्या माणसाचं जॅकेट लेकराला घातलं तर लेकरू खालून निसटते आणि जॅकेट वर तरंगते. लहानांच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा असतो, तो नसेल तर विकत घेऊ नका. नावेच्या तळाशी गठ्ठा करून ठेवायची नाहीत, चढण्याआधी काठावरच घालायची. आणि दर पावसाळ्याआधी एकेक पाण्यात टाकून त्यावर वीट ठेवून बघा. जुना फोम पाणी पितो.

ट्यूबवाले_भाऊ
काका, वीस-पंचवीस घ्यायची असतील तर एकत्र मागवू. आमच्या गावची पण दहा धरा. दिरांच्या पोराएवढ्या लेकरांची पट्ट्यावाली चार.

मृगबहार
भाऊ, व्यक्तिगत निरोप केला आहे. छातीचं माप आणि वजन दोन्ही पाठवा.